वरणफळं आणि वाचलेला तास

आपल्या अंकात पाककृती छापायची म्हटल्यावर काही मैत्रिणींच्या भुवया वर जातील. ज्या चुलीपासून बाईला मोकळं करायचं म्हणून आपण इतकी वर्षं बोलतो आहोत, लिहितो आहोत, तिच्याकडेच परत वळायचं का, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न गैर नाही. पण आपण चुलीकडे पाठ फिरवली म्हणून ती विझत नाही. तिच्यापुढे दुसरी कुणी तरी बाई येऊन बसते. सासू, मोठी मुलगी, नाही तर महिन्याच्या पगारावर येणाऱ्या पोळ्यांच्या मावशी. म्हणून रात्रीच्या स्वयंपाकाविषयी सरळ बोलावं, आणि बोलताना डाळ किती, पाणी किती हेही सांगावं, असं मी ठरवलं आहे. ते का सांगायचं, ते पुढे येईलच.

मी वस्तीपातळीवर काम करते. बैठक बचतगटाची असो, रेशनची असो की दारूच्या गुत्त्याविरुद्धची, पहिला वाद वेळेवरून होतो. दुपारी घरकामाला जाणाऱ्या बायका येऊ शकत नाहीत. रात्री 9 नंतर घरचे सोडत नाहीत. उरते ती संध्याकाळी 7 ते 8.30 ही वेळ आणि नेमकी तीच स्वयंपाकाची. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला ‘लोकसहभाग’ हा विषय मन लावून शिकवला होता. त्यात चपात्यांचा उल्लेख कुठेच नव्हता. वस्तीतली एक बाई, चार घरची कामं करणारी, मला म्हणाली, “ताई, दिवसभर लोकांच्या चाळीस चपात्या लाटून येते, अन् घरी आले की पुन्हा परात पुढ्यात. मीटिंगला येते मी, पण माझी परात कोण घेतं का बघा.” तिच्या या एका वाक्यावर मी बराच काळ विचार करते आहे. परात कुणी घ्यायची हा एक प्रश्न. रोज रात्री परात काढायलाच हवी का, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचे आकडे आता सरकारनेच दिले आहेत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरच्या 81.2 टक्के स्त्रिया रोज बिनपगारी घरकाम करत होत्या. पुरुषांत हे प्रमाण 26.1 टक्के होतं. जे करत होते त्यांची सरासरी काढली तर स्त्रिया दिवसाला 299 मिनिटं आणि पुरुष 97 मिनिटं. 2024 साली पुन्हा तशीच पाहणी झाली. स्त्रियांची मिनिटं 289 झाली होती आणि पुरुषांची 88. म्हणजे पाच वर्षांत बायकांचा दहा मिनिटांचा भार उतरला आणि पुरुषांनीही आपला नऊ मिनिटांचा उतरवून घेतला! कुकर, मिक्सर, गॅस, कापून मिळणारी भाजी, सगळं आलं. त्यातून जे वाचलं ते कुणी कसं वाटून घेतलं, हे यावरून कळतं.

दुसऱ्या प्रश्नाकडे आपलं लक्ष कमी जातं. ‘साधा स्वयंपाक’ म्हणून आपण जे म्हणतो ते काय असतं, एकदा मोजून बघा. पोळ्या, एक भाजी, आमटी किंवा वरण, भात, आणि पाहुणा नसला तरी ताटाच्या डाव्या बाजूला काही तरी. यासाठी परात, पोळपाट-लाटणं, तवा, कढई, कुकर, त्यातली दोन भांडी, आमटीचं पातेलं, विळी नाही तर सुरी, आणि शेवटी हे सगळं घासायचं. दीड तास उभ्याने. कामावरून येऊन, पायातली चप्पल काढली की लगेच. याला आपण ‘साधं’ म्हणतो, आणि कुणी हे केलं नाही, नुसती खिचडी टाकली, तर तिला ‘आज कंटाळा केला’ असं म्हणतो. खिचडीच्या मागे कंटाळा हा शब्द इतका चिकटला आहे की बाया स्वतःच ओशाळून म्हणतात, “आज काही नाही केलं, नुसती खिचडीच.” काही नाही केलं म्हणजे काय? डाळ-तांदूळ आपोआप शिजले?

हे ताट अनादी काळापासून चालत आलेलं आहे अशी आपली समजूत असते. कष्टकऱ्यांच्या घरात ते तसं नव्हतं. भाकरी आणि कालवण, सोबत ठेचा किंवा कांदा, कोकणात पेज, देशावर हुलग्याचं माडगं, ज्वारीची आंबील. एका भांड्यात शिजणारं, पातळ, पोटभरीचं, गरम. ज्याला आज हॉटेलात वाडग्यात घालून ‘सूप’ म्हणतात आणि जेवणाआधी चाखायला देतात, ते आमच्याकडे जेवणच होतं. चार पदार्थांचं ताट पूर्वी सवड असणाऱ्यांचं, घरात चार बायका राबणाऱ्यांचं किंवा सणावाराचं. शिक्षण, नोकरी आणि शहर आलं तसं ते ‘चांगल्या घराचं’ माप बनलं, आणि मग ते माप सगळ्यांना लागू झालं. वस्तीतल्या घरातही आज पोळी-भाजी-वरण-भात झाला नाही तर आपण मागे पडलो असं वाटतं. माडगं म्हटलं की नवी पिढी नाक मुरडते, कारण त्याला गरिबीचा वास येतो.

रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी 1983 साली एक पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली तरी बाईचं काम का कमी झालं नाही, हा त्याचा विषय. त्यात त्यांनी एका साध्या रश्श्याचं उदाहरण घेतलं आहे. जुन्या काळी तिथे चुलाणावर एकच मोठं भांडं टांगलेलं असे आणि त्यात मांस, धान्य, कंदमुळं एकत्र शिजत. ते शिजवायला बाई लागे, पण लाकडं फोडायला, जनावर कापायला, धान्य दळून आणायला पुरुष आणि मुलंही लागत. मग लोखंडी शेगड्या आल्या, गिरणीचं पांढरं पीठ विकत मिळू लागलं. लाकूड कमी लागू लागलं, दळणाची खटपट गेली. पुरुषांच्या वाट्याची कामं एकेक करून संपली. बाईची मात्र वाढली, कारण शेगडीवर एकाच वेळी तीन-चार पदार्थ करता येऊ लागले आणि करता येतात म्हटल्यावर ते करावेच लागले. 

आपल्याकडे हा हिशेब जसाच्या तसा बसत नाही. जातं ओढणं इथे बाईच्याच नशिबी होतं, त्यामुळे पिठाची गिरणी आली तेव्हा तिची पहाट खरोखरच सुटली; ते नाकारण्यात अर्थ नाही. पण शेगडीचं मात्र तंतोतंत तेच झालं. चुलीला एक तोंड आणि शेजारी वैल. एकावर भाकरी, वैलावर कालवण, संपलं. गॅसला दोन शेगड्या, मग तीन, मग चार. जितकी तोंडं, तितके पदार्थ. जाहिरातीत चार बर्नरच्या मागे बाई हसत उभी असते, आणि चारही बर्नर पेटलेले असतात.

तेव्हा आठवड्यातले निदान चार दिवस रात्री एकाच भांड्यात होणारं जेवण करावं, हे माझं म्हणणं आहे. आणि त्यासाठी मी वरणफळांची बाजू घेते. विदर्भात वरणफळं किंवा नुसती फळं, देशावर चकोल्या, गुजराती शेजारणींकडे दाळ-ढोकळी. खानदेशातल्या डुबुक वड्या याच जातीतल्या, फक्त कणकेऐवजी बेसन. डाळ, धान्य आणि भाजी एका भांड्यात. पोळी नाही, म्हणून परातीपुढे तासभर बसणं नाही. खिचडीपेक्षा मी हिला वरचा नंबर देते, कारण खिचडीला आजारपणाची आणि कंटाळ्याची बदनामी चिकटली आहे. वरणफळांना अजून माहेरची आठवण चिकटलेली आहे. बदल करायचा तर आधी ज्याला अब्रू आहे असा पदार्थ घ्यावा!

आता कृती. ती मी आकड्यांत देणार आहे आणि त्याला कारण आहे. घरात पुरुषाला, मुलाला स्वयंपाक सांगायला जा. तो विचारतो, पाणी किती? आपण सांगतो, अंदाजाने. मीठ किती? अंदाजाने. मग तो म्हणतो, मला अंदाज येत नाही, तूच कर. दोघांचंही समाधान होतं. त्याला सुटका मिळते, आणि खरं बोलायचं तर आपल्यालाही थोडा मान मिळतो, की हे माझ्या हाताशिवाय होत नाही. या ‘अंदाजाने’ किती बायकांना जन्मभर बांधून ठेवलं आहे! कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं. आईपासून दूर संसार थाटणाऱ्या मुलींच्या पिढ्या त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर शिकल्या. ज्याला हाताचा अंदाज नाही त्याला वाटीचं माप पुरतं, हे त्या पुस्तकाने सिद्ध केलं. फक्त ते पुस्तक रुखवतात मुलीच्याच बाजूला ठेवलं गेलं. खालची कृती ज्याने कधी गॅससुद्धा पेटवलेला नाही त्याच्यासाठी आहे. कापून शेगडीजवळ भिंतीवर चिकटवा.

चार माणसांसाठी. आमटीची मध्यम वाटी हे माप. अर्धी वाटी तुरीची आणि अर्धी वाटी मुगाची डाळ धुऊन भिजत टाकावी. तेवढ्यात एक कांदा, लाल भोपळ्याची तळहाताएवढी फोड आणि लसणाच्या सहा पाकळ्या चिराव्यात. पालक, माठ किंवा मेथी, जी स्वस्त असेल तिची अर्धी जुडी निवडून, धुऊन, चिरून बाजूला ठेवावी. सुपारीएवढी चिंच पाण्यात घालावी. पाच लिटरच्या कुकरमध्येच जेवणाचे दोन चमचे तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, लसूण, कांदा, मग चहाचा अर्धा चमचा हळद आणि एक चमचा तिखट घालावं. भोपळा, मूठभर शेंगदाणे, डाळ आणि पाच वाट्या पाणी घालून झाकण लावावं. चार शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पाच मिनिटं, मग बंद. चिंच किंवा टोमॅटो आत्ताच घालायचा नाही. आंबटाने डाळ शिजायला वेळ लागतो. नवशिक्याची डाळ दडदडीत राहते ती बहुधा यामुळेच.

कुकर शिट्ट्या करत असताना दीड वाटी कणकेत पाव चमचा मीठ, चिमूटभर हळद आणि ओवा, एक चमचा तेल घालून पुरीसारखी घट्ट भिजवावी. पुस्तकात सांगतात, मोठी पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखी कापा. लाटायची असेल त्याने लाटावी. पण लाटता येत नाही हीसुद्धा सबब होऊ शकते, म्हणून दुसरा मार्ग सांगते. सुपारीएवढी गोळी घ्यायची, तळहातावर अंगठ्याने दाबून चपटी करायची, मध्ये अंगठ्याचा खळगा राहू द्यायचा. झालं फळ. हे काम सहा वर्षांचं मूल करतं, आणि आवडीने करतं. मुलाला आणि मुलीला, दोघांनाही बसवावं.

कुकरची वाफ आपोआप गेली की झाकण काढून डाळ घोटावी. चार वाट्या गरम पाणी, चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, एक चमचा गोडा मसाला आणि चहाचा दीड चमचा मीठ घालून खळखळून उकळी आणावी. उकळी आल्यावरच फळं एकेक करून सोडावीत. गार पाण्यात सोडली तर त्यांचा लगदा होतो. झाकण न लावता दहा मिनिटं, मधूनमधून तळापासून ढवळत. शेवटच्या तीन मिनिटांत पालेभाजी. एक फळ तोडून बघावं, आत कोरडं पांढरं पीठ दिसलं नाही की झालं. वरून लिंबू. सगळे मिळून पाऊण तास, आणि त्यातली वीस मिनिटं नुसती वाट बघण्याची. घासायला एक कुकर, एक वाडगा, एक डाव आणि ज्याच्या-त्याच्या ताटल्या.

लिंबू मी हौसेने लिहिलेलं नाही. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन हा फरक का पडतो? पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं आणखी एक कारण म्हणजे, ती शेवटी जेवते. चार पदार्थांच्या स्वयंपाकात शेवटी जेवणारीच्या वाट्याला काय येतं ते आठवून बघा. पोळ्या उरतात, डाळीतलं वरचं पाणी उरतं, भाजीच्या कढईत तेल आणि दोन फोडी उरतात. मग ती कढईतच भात कालवते आणि म्हणते, मला हेच आवडतं. किती बायकांना ‘हेच आवडतं’! वरणफळांत डाळ, भाजी, धान्य एका डावातच येतं, वेगवेगळं काढून घेता येत नाही. शिवाय गार झाली की फळं फुगून बसतात, मजा जाते. म्हणून सगळ्यांनी एकदम बसून गरमच खावी लागतात. आधी पुरुष, मग मुलं, मग बाई ही पंगत या पदार्थाला सोसत नाही. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला आंबटाची मदत होते, म्हणून लिंबू. आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको, त्याने उलट होतं.

आता एका गोष्टीशी थांबायला हवं, कारण हा लेख वाचून कुणी उद्या वस्तीत जाऊन “ताई, रोज रात्री एकच पदार्थ करा” असं सांगत सुटेल, आणि त्याचे परिणाम सांगणारीला भोगावे लागणार नाहीत. वर उल्लेख केलेल्या आरोग्य पाहणीत एक प्रश्न असतो, नवऱ्याने बायकोला मारणं कोणकोणत्या कारणासाठी योग्य आहे? सात कारणं वाचून दाखवतात. त्यातलं एक कारण, तिने नीट स्वयंपाक केला नाही. सरकारी प्रश्नावलीत हे वाक्य आलं, ते कुणाच्या कल्पनेतून आलेलं नाही. समुपदेशनाला बसलं की आठवड्यात एक तरी बाई येते, जिच्या मारहाणीची सुरुवात ताटावरून झालेली असते. मीठ, गार पोळी, भाजीच का नाही, पुन्हा डाळच का. मूळ कारण वेगळंच असतं, पण निमित्त ताटाचं असतं. अशा घरात ‘पदार्थ कमी करा’ हा सल्ला एकट्या बाईच्या गळ्यात बांधणं म्हणजे तिला निमित्त तयार करून देणं. तिथे आधी काम करायचं ते हिंसेवर, 2005 च्या कायद्यावर, संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्यावर. वरणफळं नंतर.

जिथे मार नाही, पण टोमणे आहेत, तिथे मात्र वाट काढता येते, आणि ती बहुधा सासूकडून जाते. आपण सासूला फार लवकर शत्रुपक्षात टाकतो. तिने चाळीस वर्षं ते चार पदार्थांचं ताट वाढलेलं असतं. ते अनावश्यक होतं असं तुम्ही आज म्हणालात तर तिच्या आयुष्याची किंमत तुम्ही शून्य केलीत. त्याऐवजी तिला विचारावं, तुमच्या लहानपणी रात्री काय असायचं? बहुतेक घरांत उत्तर येतं ते माडगं, कण्या, पिठलं, फळं. एका गटात आम्ही हा प्रश्न मुद्दाम सासवांनाच विचारला. दीड तास त्या बोलत होत्या, आणि पुढच्या आठवड्यात दोघींनी घरी स्वतःहून माडगं करून घातलं. सुनेने केलं असतं तर कंटाळा, सासूने केलं तर परंपरा! चालेल, सध्या तेही चालेल.

एक भांडं एका घरापुरतं ठेवलं तरी हा विषय अपुरा राहतो. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवा. गिरणी कामगारांना डबा आणि ताट पुरवणाऱ्या या बायका किराणा उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर जगत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. घरात जे ‘काही नाही केलं’ असतं त्याला तिथे दर होता, महिना होता, बँकेत पत होती. तेच काम, तेच हात. उलट बाजूला शाळेतली खिचडी बघा. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने मुलांना शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला, फार मोठी गोष्ट झाली. पण ती शिजवणाऱ्या बाईसाठी केंद्राने 2009 साली महिना 1000 रुपये ठरवले, तेही वर्षातले दहा महिने. राज्याने त्यात आपली भर घातली आहे, तरी त्या रकमेला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान आणि धन, दोन्हींपैकी काय मिळतं ते त्यांनाच विचारावं.

दूर पेरू देशात, लिमा शहराच्या गरीब वस्त्यांत 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून बायकांनी सामायिक स्वयंपाकघरं चालवली. पाळीपाळीने रांधायचं, एका मोठ्या पातेल्यात. ऑगस्ट 1990 मध्ये सरकारने एका रात्रीत भाव मोकळे सोडले तेव्हा ही पातेलीच लोकांना जगवत होती. त्या वस्त्यांतल्या बायकांची पुढारी मारिया एलेना मोयानो हिला 15 फेब्रुवारी 1992 रोजी ‘शायनिंग पाथ’ या सशस्त्र संघटनेने ठार मारलं. पातेल्याभोवती जमलेल्या बायका कुणाला तरी इतक्या धोकादायक वाटल्या. आणि तरीही, तिथल्या स्त्रीवादी बायकांनीही हे म्हटलं आहे की पातेलं सामायिक झालं, पण भोवती बायकाच राहिल्या.

म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे आणि दोन्ही एकदमच हव्यात. पदार्थ कमी झाले आणि करणारी तीच राहिली, तर वाचलेल्या पाऊण तासात तिला दुसरं काम मिळेल. मुलाचा अभ्यास, उद्याची भाजी निवडणं, इस्त्री. कोवनबाईंच्या पुस्तकातली शेगडी पुन्हा आपल्याच घरात. आणि पदार्थ चारच राहिले आणि पुरुषाने ‘मदत’ केली, तर तो रविवारी एकदा पनीरची भाजी करेल, ओट्याचं रणांगण करून ठेवेल आणि महिनाभर त्याचं कौतुक चालेल. मंगळवारच्या रात्री, कामावरून दमून आल्यावर जे जमेल तेच त्याला दिलं पाहिजे. ते एका भांड्यातलंच असू शकतं. मंगळवार त्याचा असेल तर डाळ संपली आहे हे सोमवारी लक्षात ठेवणंही त्याचंच. हा भाग कुणी लिहून ठेवत नाही, पण डोक्याला शीण त्याचाच असतो. आणि त्या रात्री वाचलेला तास कशासाठी, हे तिने कुणाला सांगायची गरज नाही. बैठकीला यावं, नाही तर भिंतीला टेकून बसावं.

आमच्या वस्तीत तीन महिन्यांपासून दर मंगळवारी बैठक 7.15 ला ठेवतो आहोत. अकरा घरांनी वरची कृती भिंतीवर लावली आहे. त्यातल्या सहा घरांत मंगळवारी पुरुष किंवा मोठा मुलगा कुकर लावतो, तीन घरांत सासू, दोन घरांत बाई स्वतःच दुपारी कणीक भिजवून ठेवून येते. एका गृहस्थाने निरोप पाठवला की गोडा मसाला एक चमचा फार होतो. तो निरोप आम्ही बैठकीत मोठ्याने वाचून दाखवला आणि तक्त्यावर पाऊण चमचा असं दुरुस्त केलं.

एक सूचना राहिली. ही फळं रात्रभरात सगळं पाणी पितात आणि सकाळी घट्ट गोळा होतो, डब्यात नेता येत नाही. सकाळचं जेवण रात्रीच सुटेल म्हणून दुप्पट करून ठेवू नका. चार माणसांना दीड वाटी कणीक पुरते. पाचवा आला तर फळं वाढवायची नाहीत, एक वाटी पाणी आणि थोडं मीठ वाढवायचं.